विश्वाच्या ऊर्जेचा हिशेब मांडताना या चुका टाळा

डिचोली-फोंड्याकडची विज्ञान प्रदर्शनं असोत की वाचनालयातलं एखादं व्याख्यान, विश्वाचा विषय निघाला की शेवटी एक प्रश्न हमखास येतो: "ऊर्जा निर्माण करता येत नाही, नष्टही करता येत नाही, मग हे सगळं आलं कुठून?" प्रश्न उत्तम आहे. घोळ होतो तो उत्तरांत. कोणी म्हणतं, म्हणूनच महास्फोट खोटा. कोणी म्हणतं, म्हणूनच नारळीकरांचा सिद्धांत बाद झाला. कोणी याच नियमावरून थेट देवापर्यंत पोचतं, तर कोणी फुकट विजेपर्यंत. गोव्यात आपलं प्राथमिक शिक्षण मराठीतून आणि पुढचं विज्ञान इंग्रजीतून, त्यामुळे नियम तेवढा तोंडपाठ राहतो आणि त्याच्या अटी वाटेत कुठेतरी गळतात. पुढच्या बहुतेक चुका त्या गळलेल्या अटींच्याच आहेत.

नियम पाठ, अट गायब

ऊर्जा अक्षय्यतेचा नियम बंद प्रणालीसाठी सांगितलेला असतो. बाहेरचं काही आत येत नसेल आणि आतलं काही बाहेर जात नसेल, तर आतली एकूण ऊर्जा तेवढीच राहते. इथवर सगळं ठीक. मग पुढची पायरी येते: विश्वाच्या बाहेर काही नाहीच, म्हणजे विश्व ही सगळ्यात मोठी बंद प्रणाली, म्हणून विश्वाची एकूण ऊर्जा कायम. एका चार्टवर तर याच्याही पुढचं वाक्य होतं, "म्हणून विश्व अनादि आहे." ऐकायला बिनतोड वाटतं, पण नियम मुळात कशामुळे खरा आहे हेच यात सुटून गेलंय.

१९१५ च्या नोव्हेंबरात आइन्स्टाइन यांनी व्यापक सापेक्षतेची, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या त्यांच्या सिद्धांताची, समीकरणं पूर्ण केली. जर्मनीतल्या ग्योटिंगेनमधल्या हिल्बर्ट आणि क्लाइन या गणितज्ञांना लवकरच जाणवलं की या सिद्धांतात ऊर्जेचा नियम नेहमीच्या रूपात सापडत नाही. त्या गुंत्यातूनच एमी नोएथर यांचं १९१८ साली प्रसिद्ध झालेलं प्रमेय आलं. साध्या शब्दांत ते असं: प्रयोग आज केला काय आणि उद्या केला काय, मागची पार्श्वभूमी जर तशीच असेल, तर ऊर्जा टिकते. काळ पुढे सरकला तरी काही बदलत नाही, ही सममिती म्हणजे ऊर्जेच्या नियमाचा जामीन.

प्रसरण पावणाऱ्या विश्वात तीच सममिती नसते. अवकाश कालच्यापेक्षा आज ताणलेलं आहे आणि उद्या आणखी ताणलं जाणार आहे. तेव्हा 'संपूर्ण विश्वाची एकूण ऊर्जा' कायम राहील याची हमी द्यायला कोणी उरत नाही. सर्वसाधारणपणे अशी एक बेरीज नीट मांडताही येत नाही.

हे ऐकल्यावर लोक लगेच दुसऱ्या टोकाला जातात: म्हणजे नियमच खोटा! तेही चूक. स्थानिक पातळीवर, म्हणजे अवकाशाच्या एखाद्या लहानशा भागात, नियम चोख पाळला जातो. आइन्स्टाइन यांच्या समीकरणांची घडणच अशी आहे की तो पाळला गेलाच पाहिजे. तुमच्या स्वयंपाकघरात, साळावलीच्या धरणावर, सूर्याच्या पोटात, कुठेही सूट नाही. म्हणून कोणी 'नियम मोडला' म्हणालं की आधी विचारा: कुठला भाग धरलाय? मोजतंय कोण? या दोन प्रश्नांवरच निम्मे वाद संपतात.

पेटी घेऊन बघा

विधान तपासायचं असेल तर एक काल्पनिक पेटी घ्या, विश्वाबरोबर प्रसरण पावणारी. तिची प्रत्येक बाजू दुप्पट होऊ द्या. घनफळ आठपट झालं.

आत नुसतं द्रव्य असेल, म्हणजे अणू, धूळ, दीर्घिका, तर कणांची संख्या तीच राहते. घनता आठव्या हिश्शावर येते, पेटीतली एकूण ऊर्जा तेवढीच. आत प्रकाश असेल तर फोटॉनांची, म्हणजे प्रकाशकणांची, संख्या तीच, पण प्रत्येकाची तरंगलांबी दुप्पट होते, म्हणजे प्रत्येकाची ऊर्जा निम्मी. घनता सोळाव्या हिश्शावर आणि पेटीतली एकूण ऊर्जा अर्धी. आत कृष्णऊर्जा (डार्क एनर्जी, विश्वाच्या प्रसरणाचा वेग वाढवणारी अज्ञात ऊर्जा) असेल, आणि तिचं सगळ्यात सोपं रूप धरलं, तर घनता बदलतच नाही. मग एकूण ऊर्जा आठपट.

प्रदर्शनातल्या तक्त्यांवर बहुतेक वेळा तिन्हींना एकच नियम लावलेला दिसतो, 'घनता आठपट कमी'. तिथून पुढचं सगळं चुकत जातं. सुरुवातीच्या विश्वात प्रकाशाचं राज्य का होतं आणि पुढे द्रव्याचं का आलं, हे त्या सोळा आणि आठच्या फरकातच दडलेलं आहे.

आणि तीन वेगवेगळी उत्तरं आली तरी समीकरण एकच आहे: पेटीतल्या ऊर्जेतला बदल म्हणजे उणे दाब गुणिले घनफळातला बदल. धुळीचा दाब जवळपास शून्य, म्हणून बदल नाही. प्रकाशाचा दाब धन, म्हणून ऊर्जा घटते. कृष्णऊर्जेचा दाब ऋण, उणे गुणिले उणे अधिक, म्हणून ती वाढते. हा ऋण दाब ध्यानात ठेवा, पुढे नारळीकरांच्या गोष्टीत तो पुन्हा येणार आहे.

"फोटॉनची ऊर्जा गेली कुठे, सर?"

विश्व सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांचं असताना जो प्रकाश मोकळा सुटला, त्याचं तापमान तेव्हा सुमारे ३,००० केल्विन होतं. तोच प्रकाश आज सूक्ष्मलहरींच्या रूपात २.७२५ केल्विनवर आहे. प्रत्येक फोटॉनची ऊर्जा साधारण अकराशेपट कमी झाली. गेली कुठे?

व्याख्यानांत सर्रास मिळणारं उत्तर असं: "विश्वाला फुगवण्यात खर्च झाली." सिलिंडरमधला वायू पिस्टनला ढकलतो आणि थंड होतो, तसं. पण पिस्टनला एक भिंत असते, आत जास्त दाब आणि बाहेर कमी. विश्वात दाब सगळीकडे सारखा आहे. ढकलायला भिंतच नाही, मग काम केलं कोणावर? वर आणखी एक गंमत आहे. आइन्स्टाइन यांच्या सिद्धांतात धन दाबालाही गुरुत्वाकर्षण असतं, त्यामुळे प्रकाशाचा दाब प्रसरणाला जोर तर देत नाहीच, उलट लगाम घालतो. पिस्टनचं गणित बरोबर उत्तर देतं, चित्र मात्र फसवं आहे. समीकरण वापरा, चित्र काढू नका.

दुसरं उत्तर: "गुरुत्वीय ऊर्जेत गेली." काही चांगले भौतिकशास्त्रज्ञही असं बोलतात, आणि बोलण्यापुरतं ते चालून जातं. पण घनमीटरमागे गुरुत्वीय ऊर्जा किती, असं विचारलं तर सर्वमान्य आकडा देता येत नाही, कारण मुक्तपणे पडणाऱ्या निरीक्षकाला त्याच्या आसपास गुरुत्व जाणवतच नाही. ज्याचं मोजमाप ठरत नाही त्या खात्यावर तूट टाकायची, हा हिशेब मला तरी पटत नाही.

मला पटणारं उत्तर असं. थिवी स्टेशनवर न थांबता ताशी ९० किलोमीटर वेगाने गाडी जातेय आणि आत बाकावर एक किलोची पाण्याची बाटली आहे. शेजारच्या प्रवाशाच्या लेखी बाटलीची गतिज ऊर्जा शून्य, फलाटावर उभ्या माणसाच्या लेखी ३१२ ज्यूल. हे ३१२ ज्यूल प्रवाशाच्या डब्यातून कुठे हरवले, असं कोणी विचारत नाही. ऊर्जा ही वस्तूची एकटीची मालमत्ता नसते, मोजणाराही तीत धरावा लागतो. फोटॉन सुटला तेव्हा तिथल्या निरीक्षकाने मोजला, पोचला तेव्हा आपण मोजला. या दोन निरीक्षकांमध्ये अब्जावधी प्रकाशवर्षांचं ताणलं गेलेलं अवकाश आहे. फोटॉनच्या अंगातून वाटेत काही सांडलेलं नाही.

याच संदर्भात 'थकलेला प्रकाश' अधूनमधून डोकं वर काढतो: प्रकाश वाटेत कशावर तरी आदळून ऊर्जा गमावतो, विश्व प्रसरण पावतच नाही. फ्रिट्झ झ्विकी यांनी १९२९ मध्ये अशी कल्पना मांडली होती. ती टिकली नाही. दूरचे अतिनवतारे, म्हणजे स्फोट होऊन उजळणारे तारे, नुसते तांबूस दिसत नाहीत, त्यांचं उजळणं-मावळणंही त्याच प्रमाणात संथ झालेलं दिसतं. प्रकाश नुसता थकला असता तर घड्याळ मंदावलं नसतं.

नारळीकर: भक्ती नको, फेटाळणीही नको

मराठी श्रोत्यांत हा भाग नाजूक असतो. एका बाजूला "आपल्या नारळीकरांनी महास्फोट खोटा पाडला", दुसऱ्या बाजूला "त्यांच्या सिद्धांतात शून्यातून पदार्थ निर्माण होतो, नियम मोडतो, म्हणून तो नाकारला गेला." दोन्ही वाक्यं टाळा. दुसरं तर जाणकार म्हणवणारेही बिनधास्त बोलतात.

क्रम नीट लावू. १९४८ मध्ये केंब्रिजमध्ये हर्मान बाँडी आणि थॉमस गोल्ड यांनी, आणि स्वतंत्रपणे फ्रेड हॉइल यांनी, स्थिर स्थिती सिद्धांत मांडला. विश्व प्रसरण पावतं हे त्यांना मान्य होतं. पण विश्व सगळीकडून आणि सगळ्या काळांत सारखंच दिसलं पाहिजे, ही त्यांची भूमिका. दीर्घिका दूर जातात आणि घनता तरी तीच राहायला हवी, तर नवं द्रव्य येत राहायलाच हवं.

किती द्रव्य? ढोबळमानाने घनमीटरमागे शंभर कोटी वर्षांत एखादा हायड्रोजनचा अणू. गोव्याचं क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर. जमिनीपासून एक किलोमीटर उंचीपर्यंतचं सगळं घनफळ धरलं तर अख्ख्या राज्यात वर्षाला साडेतीन ते चार हजार नवे अणू. चतुर्थीच्या दिवसांत पडणाऱ्या पावसाच्या एका थेंबात हायड्रोजनचे जितके अणू असतात ती संख्या लिहायला तीनवर एकवीस शून्यं द्यावी लागतात. आता सांगा, कुठल्या प्रयोगशाळेतल्या कुठल्या तराजूने हे चार हजार अणू पकडायचे? 'नियम मोडतो' एवढं म्हणून हा सिद्धांत बाद करणं शक्यच नव्हतं. प्रयोगांनी नियम ज्या अचूकतेपर्यंत तपासला होता, त्याच्या कितीतरी खाली हा दर होता.

त्यातही नियम मोडतोच असं नाही. १९५१ मध्ये विल्यम मक्रे यांनी दाखवलं की अवकाशात योग्य तेवढा ऋण दाब मानला तर घनता कायम ठेवणारं प्रसरण आइन्स्टाइन यांच्याच समीकरणांत बसतं. आपल्या पेटीतलं तिसरं उत्तर आठवा, गणित तेच आहे. १९६० च्या दशकात हॉइल आणि त्यांचे विद्यार्थी जयंत नारळीकर यांनी याला रीतसर पाया दिला: 'सी-क्षेत्र', ज्याची ऊर्जा ऋण आहे. कण निर्माण होतो तेव्हा त्याची धन ऊर्जा आणि सी-क्षेत्राची ऋण ऊर्जा मिळून जमाखर्च जुळतो. म्हणजे नारळीकरांचं नाव ज्या आवृत्तीशी जोडलेलं आहे तीत ऊर्जा अक्षय्यता शाबूत आहे. 'शून्यातून पदार्थ' ही टीका १९४८ च्या आवृत्तीवरची, ती १९६० च्या दशकातल्या आवृत्तीच्या माथी मारू नका. ऋण ऊर्जेची क्षेत्रं पुंजभौतिकीत (क्वांटम फिजिक्समध्ये) अस्थिरतेचं दुखणं आणतात हा खरा आक्षेप आहे. घ्यायचा असेल तर तो घ्या.

मग सिद्धांत मागे का पडला? निरीक्षणांनी. मार्टिन राइल यांच्या गटाने केलेल्या रेडिओ स्रोतांच्या मोजणीत दूरचं, म्हणजे जुनं, विश्व आजच्यापेक्षा वेगळं दिसलं. १९६५ मध्ये पेन्झियास आणि विल्सन यांनी सूक्ष्मलहरी पार्श्वभूमी प्रारणाचा, म्हणजे वर आलेल्या त्या २.७२५ केल्विनच्या प्रकाशाचा, शोध जाहीर केला, आणि तापलेल्या, दाट सुरुवातीच्या खुणेला स्थिर स्थितीकडे सहज उत्तर नव्हतं. वजनाने सुमारे पाव हिस्सा भरणारा हेलियमही ताऱ्यांना एवढ्या प्रमाणात बनवता येत नव्हता. हॉइल, जेफ्री बर्बिज आणि नारळीकर यांनी १९९३ मध्ये 'अर्धस्थिर स्थिती' ही सुधारित आवृत्ती आणली. तीत निर्मिती सगळीकडे संथपणे होत नाही, तर अतिघन पिंडांजवळ छोट्या-छोट्या स्फोटांत होते. पार्श्वभूमी प्रारणाचं स्पष्टीकरण द्यायला त्यांनी अवकाशात लोखंडाच्या सूक्ष्म सुयांची धूळ मानली. फारसे लोक त्यांच्या बाजूने आले नाहीत, आणि मला वाटतं पुराव्यांकडे बघता ते योग्यच झालं.

मात्र नारळीकरांचा एक टोमणा अजून लागू आहे. द्रव्यनिर्मितीवरून आम्हाला नावं ठेवता, पण तुमच्या महास्फोटात शून्य क्षणाला सगळंच्या सगळं द्रव्य एकदम हजर होतं, त्याचं काय? याचं प्रामाणिक उत्तर असं की शून्य क्षणाबद्दल महास्फोटाचा सिद्धांत काही सांगतच नाही. तिथे समीकरणं थांबतात. सिद्धांत सांगतो ते त्यानंतरचं, तापलेल्या दाट अवस्थेपासून पुढच्या १,३८० कोटी वर्षांचं. तेव्हा 'शून्यातून स्फोट होऊन विश्व जन्मलं' हे वाक्य पोस्टरवर लिहूच नका. नासदीय सूक्ताची ओळ त्याखाली पुरावा म्हणून चिकटवणं तर नकोच. ते सूक्त शेवटी प्रश्नच विचारतं, आणि प्रश्न म्हणूनच ते थोर आहे.

जाता जाता: गुरुत्व आणि विश्वशास्त्रावरची आंतरराष्ट्रीय परिषद १९८७ च्या डिसेंबरात गोव्यातच भरली होती, आणि तिच्या निबंधसंग्रहाच्या संपादकांत नारळीकर होते. २०११ मध्ये ती पुन्हा इथे झाली. आपल्याकडे हे फार कमी लोकांना आठवतं.

द्रव्य घडलं की रूप बदललं?

डिचोली, सत्तरी, सांगे इथल्या लोहखनिजातलं लोह पृथ्वीवर तयार झालेलं नाही, ते ताऱ्यांच्या पोटात आणि स्फोटांत घडलं, हे मुलांना आता माहीत असतं. पण 'ताऱ्यांत पदार्थ निर्माण होतो' असं लिहिलं की परीक्षकाने गुण कापावेत. तिथे आधीच असलेले प्रोटॉन-न्यूट्रॉन एकत्र येऊन नवं मूलद्रव्य बनतं. थोडं वस्तुमान ऊर्जा होऊन बाहेर पडतं, हिशेब पूर्ण जुळतो. (हे ताऱ्यांतलं रसायन १९५७ मध्ये सविस्तर मांडणाऱ्या चौघांत हॉइल होतेच. ज्यांच्या विश्वाला तापलेली सुरुवात नव्हती, त्यांना जड मूलद्रव्यं ताऱ्यांतच शिजवणं भाग होतं.)

खरोखर नवा कण जन्मतो तो गॅमा किरणापासून इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची जोडी तयार होते तेव्हा. तिथेही किमान १.०२२ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा मोजून द्यावी लागते, आणि संवेग जुळवायला जवळपास एखादं अणुकेंद्रक हवं. रिकाम्या अवकाशात एकटा फोटॉन जोडी बनवू शकत नाही. तक्त्यात हे अणुकेंद्रक काढायला जवळजवळ सगळेच विसरतात.

'विश्वाची एकूण ऊर्जा शून्य आहे'

हे वाक्य फार लोकप्रिय आहे. द्रव्याची ऊर्जा धन, गुरुत्वाची ऋण, दोन्ही मिळून शून्य, म्हणून विश्व फुकटात उगवलं. एडवर्ड ट्रायन यांनी १९७३ मध्ये विश्व हा निर्वाताचा, म्हणजे रिकाम्या अवकाशाचा, आपसूक होणारा एक पुंज-चढउतार (क्वांटम फ्लक्च्युएशन) असू शकेल अशी कल्पना 'नेचर'मध्ये मांडली, तिथून हा विचार पसरला. कल्पना देखणी आहे, पण ती कल्पनाच आहे. गुरुत्वीय ऊर्जेची बेरीज करण्यातली अडचण वर सांगितलीच. 'सिद्ध झालंय' असं लिहू नका, 'असा एक विचार आहे' एवढं पुरे.

फुकट वीज

शेवटची चूक सगळ्यात महागात पडते, कारण तिच्यात लोकांचे पैसे जातात. "विश्व प्रसरण पावतं तशी कृष्णऊर्जा वाढते, म्हणजे ऊर्जा निर्माण होते हे शास्त्रज्ञांनीच मान्य केलंय, आमचं यंत्र तीच ओढून घेतं." चुंबकांचं फिरतं चाक आणि भिंगरीसारखी तार मांडून असं सांगणारे भेटतात. कॅसिमिर परिणामाचं, म्हणजे निर्वातात अगदी जवळ ठेवलेले धातूचे दोन पत्रे एकमेकांकडे ओढले जातात त्याचं, नावही घेतात. तो परिणाम खरा आहे, पण दोन पत्रे एकदा जवळ आले की संपलं. पुन्हा लांब करायला तेवढंच काम करावं लागतं.

आकडा काढून दाखवा, वाद घालत बसू नका. कृष्णऊर्जा विश्वातल्या ऊर्जेत सुमारे ६८ टक्के आहे ती अवकाश अफाट आहे म्हणून. घनतेचं बघाल तर एका घन किलोमीटरमध्ये जेमतेम अर्धा ज्यूल, म्हणजे एक किलोचा नारळ पाच सेंटिमीटर वर उचलण्याएवढी. पेडण्यापासून काणकोणपर्यंत, एक किलोमीटर उंचीपर्यंतची सगळी कृष्णऊर्जा कोणी गोळा केलीच, तर सुमारे २,००० ज्यूल. ९ वॅटचा एलईडी दिवा त्यावर साडेतीन मिनिटं चालेल. विजेच्या एका युनिटात ३६ लाख ज्यूल असतात.

आणि गोळा तरी कशी करणार? धरणातलं पाणी वीज देतं कारण वर आणि खाली यांत फरक आहे. बॅटरी चालते ती दोन टोकांतल्या फरकावर. कृष्णऊर्जेची घनता यंत्राच्या आत आणि बाहेर सारखीच. यंत्र विकायला आलेल्या माणसाला तारेचं दुसरं टोक कुठे जोडलंय ते दाखवायला सांगा, आणि टेबलावरचं कापड स्वतः उचलून बघा.